फॉइलवर मारलेला पांढरा रंग

गन वर धरली, ट्रिगर दाबला आणि आकडा पाहून मी आधी गनवरच संशय घेतला. एक्कावन्न. मी उन्हातून नुकताच आत आलो होतो. डोळ्यांपुढे अंधारी होती, वर काय आहे ते धड दिसत नव्हतं. पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

ही गन म्हणजे लांबून तापमान सांगणारं यंत्र. दिसायला पिस्तुलासारखं, म्हणून सगळे गन म्हणतात. छतावर रोखायची, छताचं तापमान पडद्यावर येतं. पण चकचकीत फॉइलवर रोखली की ती चक्क खोटं बोलते. तिला फॉइलचं नाही, फॉइलमध्ये उमटलेल्या खालच्या फरशीचं तापमान दिसतं. आमचे शेठ याच खोटेपणावर माल विकतात. गिऱ्हाइकाला गन दाखवायची, छत्तीस आलं की म्हणायचं, देखो साहब, बर्फ है बर्फ. मी यावरून त्यांच्याशी दोनदा भांडलो आहे. मी स्वतः फॉइलला काळ्या टेपचा तुकडा चिकटवतो आणि टेपचं रीडिंग घेतो. ते खरं असतं.

इथे मी टेप लावलेली नव्हती. तरीही गन एक्कावन्न दाखवत होती. म्हणजे ती खरं बोलत होती, आणि चकचकीत फॉइलवर ती खरं बोलूच शकत नाही. तेवढ्यात डोळे सरावले आणि मला छत दिसलं. माझं फॉइल कुठेच नव्हतं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळं पांढरंशुभ्र होतं.

"गुरुजी," मी म्हणालो, "हे काय करून ठेवलं?"

वाठोरे गुरुजी दाराशी उभे होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

मी कोळसा कंपनीच्या सिव्हिल खात्यातून रिटायर झालो. सगळी नोकरी बेल्लमपल्लीला, खाणकामगारांच्या क्वार्टरची छतं दुरुस्त करण्यात गेली. रिटायर झाल्यावर आदिलाबादला घर केलं आणि छतांचं काही सुटलं नाही. एका डीलरकडे जातो. कार्डावर 'टेक्निकल ॲडव्हायझर' असं छापलंय. प्रत्यक्षात शिडीवर चढतो. पत्र्याच्या घरांना आतून फॉइल लावणं हे आमचं काम. इंग्रजीत त्याला रेडियंट बॅरियर म्हणतात. मोबाईलवरच्या व्हिडिओत ते छप्पर आणि सीलिंग यांच्या मधल्या माळ्यावर लावलेलं दाखवतात. आमच्याकडे कसला माळा? पत्रा आणि डोकं यांच्या मध्ये फक्त हवा.

फॉइल काय करतं ते सांगतो. चुलीसमोर बसलं की तोंडाला धग लागते. वारा नसला तरी लागते, कारण निखारा ती धग सरळ आपल्याकडे फेकत असतो. मे महिन्यात आपल्या डोक्यावरचा पत्रा म्हणजे उलटा टांगलेला निखारा. पंखा लावा, खिडक्या बंद करा, तो वरून फेकतच राहतो. चकचकीत पृष्ठभागाचा गुण असा, की तो तापला तरी धग फेकत नाही. म्हणून पत्र्याच्या खाली वीतभर जागा सोडून फॉइल ताणायचं. पत्र्याची धग तिथे अडते. अट एकच, फॉइलची खालची बाजू उघडी आणि चकचकीत राहिली पाहिजे. वरच्या बाजूवर धूळ बसतेच, आणि आदिलाबाद जिल्ह्यात धुळीबरोबर जिनिंगचा कापूसही उडतो. दोन वर्षांत वरची बाजू मेलेली असते. खरं काम खालची बाजू करते. तिच्यावर रंग मारला की फॉइल संपलं. मग उरतं फॉइलमागचं नुसतं प्लॅस्टिक, तेही तापलेलं.

वाठोरे गुरुजींचं गाव बोथकडे जाणाऱ्या रस्त्यावर, हायवे सोडून थोडं आत. ते जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून रिटायर झालेले. घरात ते, त्यांची बायको कौसाबाई आणि मुलगी करुणा. करुणा मंडलच्या एमआरओ ऑफिसात, म्हणजे तहसील कचेरीत, क्लार्क होती. सकाळी ऑटोनं ड्युटीवर जाताना हायवेवर ऑटो उलटला. मानेचा मणका गेला. नागपूरच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण मानेखालचं शरीर गेलं ते गेलंच. घरी सोडताना डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली होती, ती गुरुजींनी पहिल्या भेटीतच मला सांगितली. करुणाला मानेखाली घाम येत नाही. आपल्याला गरम झालं की घाम येतो, अंग निवतं. तिचं अंग निवतच नाही. जेवढी खोली तापते तेवढी ती तापते. तिला ताप येत नाही, तिला घराचा ताप चढतो.

आदल्या उन्हाळ्यात तिला दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं होतं. घरी एसी होता. पण दुपारी सगळं गाव मोटारी आणि कूलर लावतं, व्होल्टेज पडतं, एसी नुसता घरघरतो आणि थंड काही करत नाही. नंतर करेंटच जातो. करेंटवाचून चालेल असं काहीतरी पाहिजे म्हणून गुरुजी आमच्या दुकानात आले. फॉइलला वीज लागत नाही. मी स्वतः जाऊन फेब्रुवारीत काम केलं. खाट मधल्या खोलीत, पत्र्याच्या बरोबर खाली. स्लॅबची खोली घरात नव्हतीच. मार्चमध्ये गुरुजींचा फोन आला. "फरक हाय, मेश्राम साहेब. पोरगी दुपारी झोपून राह्यली." मला इतका आनंद झाला की मी तो फोन शेठला पण ऐकवला.

आणि आता मे महिन्यात कौसाबाईंचा फोन आला दुकानात, की तुमचं फॉइल फेल झालं.

"जाके देख लो मेश्रामजी," शेठ म्हणाले. "पार्टी नाराज है."

"शेठ, फॉइल फेल होत नाही."

"तो जाके बोलो उनको."

तर मी बोलायला आलो होतो, आणि वर पांढरा रंग होता.

"जयंतीले घर रंगवलं," गुरुजी म्हणाले.

हे मला समजत होतं. आमच्यात चौदा एप्रिलच्या आधी घर रंगवतातच. माणूस उसनवारी करेल, पण जयंतीला घर बिनरंगाचं ठेवणार नाही. अख्ख्या वस्तीत कोणाची भिंत जुनी दिसली तर शेजारी येऊन विचारतात, काय बाप्पा, यंदा काही अडचण आहे का? गुरुजींच्या भिंतींवर नवा फिकट निळा रंग होता, चौकटी पांढऱ्या होत्या. सुरेख होतं सगळं.

"भिंती रंगवल्या, चांगलं केलं," मी म्हणालो. "वरचं काऊन रंगवलं?"

"पांढरा रंग ऊन वापस फेकते म्हन्तात ना?"

"अहो, ते पत्र्याच्या वरून! बाहेरून! तिथे ऊन पडतं म्हणून. आत कुठे आलं ऊन? तुम्ही फॉइल मारून टाकलं, गुरुजी. ते होतं ते गेलं."

माझा आवाज चढला होता. शिकल्यासवरल्या माणसानं असं करावं याचा मला राग आला होता. कौसाबाई चुलीपाशी होत्या, त्या हात पुसत बाहेर आल्या.

"काय झालं जी?"

मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे वळल्या.

"म्या म्हटलं होतं का नाई, सायबाले इचारा म्हनून? एक फोन कराले काय हात दुखत होते तुमचे? मोठे आले मास्तर!"

गुरुजी खाली पाहत उभे राहिले.

"आई, त्यायले काऊन बोलून राह्यली?" खाटेवरून आवाज आला. "मीच सांगतलं होतं."

करुणा जागी होती. मी आल्यापासून तिच्याकडे नीट पाहिलंही नव्हतं, मी वर पाहत होतो. तोंड लाल झालेलं, ओठ सुकलेले. कपाळावर ओलं फडकं होतं, ते वाळून कडक झालं होतं. कौसाबाईंनी ते उचललं, माठात बुडवलं आणि पुन्हा ठेवलं.

"तू सांगितलंस?" मी विचारलं. "का गं?"

"बसा ना काका. उभ्याउभ्या काय रागावता." ती थोडं हसली. तिला बोलायला दम लागत होता. "तुमी लावलं तवा मी काई बोलली नाई. गार वाटत होतं, ते खरं हाय. पन दिवसभर वर काय दिसते मालूम आहे तुमाले?"

मी पुन्हा वर पाहिलं.

"खाट दिसते. खाटेवर कोन पडून आहे ते दिसते. आरशात धड तरी दिसते, काका. ह्याच्यात तोंड लांब होते, अंग चपटं होते, वारं आलं का फॉइल हालते आन मी पन हालते. सकाळी डोये उघडले का ते. आई कूस बदलून देते तेवढा वेळ सुटका. मंग पुना तेच." ती थांबली. "मले मायं अंग जानवत नाई. निदान दिसू तरी नये ना."

या धंद्यात मी किती छतं केली असतील. छताकडे खालून बघायचं ते मी शिडीवरून, नाहीतर मान वर करून उभ्यानं. खाटेवर हलता न येता पडलेल्या माणसानं दिवसभर बघायचं छत, असा हिशेब कुठल्या कॅटलॉगमध्ये नसतो. माझा राग कुठल्या कुठे गेला. त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं.

कौसाबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. गुरुजी तिथेच उभे होते.

मी रंग खरवडून पाहिला. निघत नव्हता. थिनर लावलं असतं तर फॉइलमागचं प्लॅस्टिकच विरघळलं असतं. म्हणजे सगळं उतरवून नवीन लावणं आलं. मी करुणाच्या खाटेजवळ स्टूल ओढलं.

"हे बघ पोरी, नवीन फॉइल लावू. पण त्याच्या खाली वीतभर जागा सोडून मांडवाचं पांढरं कापड ताणू. फॉइल त्याचं काम करेल. तुला नुसतं कापड दिसेल."

"चालते असं?"

"चालतं. मध्ये हवा राहिली म्हणजे झालं."

"मी दिसनार नाई?"

"नाही दिसणार."

"मंग लावा." मग थोड्या वेळानं म्हणाली, "काका, कापडाले निळी किनार लावा. नुसतं पांढरं दवाखान्यासारखं दिसते."

मी अंगणात जाऊन शेठला फोन लावला.

"शेठ, एक रोल पाहिजे. आजच."

"फेल है क्या सच में?"

"नाही. रंग मारलाय त्यांनी."

"तो वॉरंटी में नहीं आता, मेश्रामजी."

"वॉरंटी मी मागतच नाही. रोल द्या."

"स्टॉक ख़तम है. सीज़न है ना. नागपूर से गाडी निकलेगी तब."

"कधी?"

"आएगी इस हफ्ते में."

"शेठ, इथे एक पोरगी आहे. तिला घाम येत नाही. ती मरेल."

त्यांनाही मुली आहेत. "ऐसा मत बोलो," ते म्हणाले. "मैं बात करता हूँ नागपूर को." त्यांनी खरंच बोलणी केली, हे मला नंतर कळलं. पण गाडी भरायला वेळ लागतो तेवढा लागलाच.

तोपर्यंत काय करायचं? आपल्याकडे जुना इलाज आहे, पत्र्यावर पऱ्हाट्या टाकायच्या. कापूस वेचून झाल्यावर शेतात जी वाळलेली झाडं उरतात त्या पऱ्हाट्या. बायका त्या सरपणाला रचून ठेवतात. जाड थर टाकला की ऊन थेट पत्र्यावर पडत नाही. सुंदर दिसत नाही, आगीची भीती असते, पण उपयोग होतो. बाजूच्या शेतकऱ्याला विचारलं, त्यानं बैलगाडीच लावून दिली. "न्या ना गुरुजी, इचारता काऊन," म्हणाला. ऊन उतरल्यावर मी शिडी लावली. गुरुजी माझ्याआधी चढले.

"तुम्ही खाली थांबा. या वयात पत्र्यावर..."

"माई पोरगी हाय," ते म्हणाले. मी खालून शिडी धरली.

पत्रा अजून पाय भाजत होता. आम्ही दोघांनी पेंढ्या पसरल्या, दोरांनी आडव्या बांधल्या. गुरुजींच्या हातांना ओरखडे निघाले होते. मान खाली घालूनच काम करत होते. मला वाटलं, बायको सगळ्यांसमोर बोलली ते लागलं असेल. मी म्हटलं, "मनाला लावून घेऊ नका, गुरुजी. तुम्हाला माहीत नव्हतं. पांढऱ्या रंगाचं सगळेच म्हणतात." त्यांनी दोराची गाठ दोनदा आवळली आणि पुढच्या पेंढीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. कौसाबाई म्हणाल्या, थोडं बरं आहे. त्याच्या दुसऱ्या दिवशी पण बरं होतं. करुणानं निरोप ठेवला होता, किनार विसरू नका म्हणून. मी बाजारात जाऊन निळ्या सुती कापडाची पट्टी घेऊन ठेवली. मांडववाल्याकडून पांढरं कापड घेतलं. सगळं तयार होतं, फॉइल सोडून.

मग वादळ आलं. मे महिन्यात संध्याकाळी येतं तसलं, धुळीचं, बिनपावसाचं. पऱ्हाट्या उडून शेतात जाऊन पडल्या. दोर तुटले. गावाकडच्या लाइनचे दोन खांब आडवे झाले. मी लाइनमनला फोन केला, तो ओळखीचा तेलुगू मुलगा. "पोल विरिगिंदि सार," म्हणाला, खांब मोडलाय, नवीन यायला वेळ लागेल. म्हणजे करेंट नाही, पंखा नाही, कूलर नाही. सकाळी सूर्य वर आला तोच पत्रा तापवत. आणि पत्र्याखाली ते रंगवलेलं प्लॅस्टिक.

मी सकाळीच दुकानात जाऊन बसलो. शेठ नागपूरला फोन लावत होते. गाडी निघाली होती. वर्ध्याला होती. मग पांढरकवड्याला होती. मी रस्त्यावर उभा राहून गाडीची वाट पाहत होतो, जणू मी पाहिल्यानं ती लवकर येणार होती.

दुपारी गुरुजींचा फोन आला. जीप करून करुणाला जिल्ह्याच्या दवाखान्यात आणत होते. ती बोलत नव्हती. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा वॉर्डात दोन नर्स तिच्या अंगावर बर्फाच्या पिशव्या ठेवत होत्या. अंगाला हात लावला तर चटका बसावा इतकी ती तापली होती, आणि कातडी मात्र कोरडी ठाक. कौसाबाई तिच्या पायाचे तळवे चोळत होत्या. त्या चोळण्याचा तिला कधीच उपयोग नव्हता, त्यांनाही माहीत होतं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवला.

रोल त्या संध्याकाळी दुकानात उतरला होता. शेठनी मला फोन करून सांगितलं. मी काय झालं ते सांगितलं. ते म्हणाले, "राम राम." आणि फोन ठेवला.

अंत्यविधीला मी गेलो. वस्तीतली सगळी निळी-पांढरी घरं अजून नवी दिसत होती. भन्तेजींनी वंदना घेतली. मला वंदना नीट म्हणताही आली नाही. मी घरी आलो तेव्हा बायकोनं विचारलं, तुमची चूक होती का? मी म्हटलं, नाही. कोणाची होती? मी म्हटलं, वाऱ्याची, उन्हाची, नशिबाची. मला खरंच दुसरं नाव सापडत नव्हतं.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर गुरुजींचा फोन आला. "साहेब, ते काम करून टाका."

"आता, गुरुजी?"

"तिच्या आईले राहाचं हाय ना त्या घरात."

मी रोल, कापड, पट्टी घेऊन गेलो. कौसाबाई बहिणीकडे निर्मलला गेल्या होत्या. मधल्या खोलीतली खाट तिथेच होती, गादी काढून ठेवली होती. आम्ही दोघांनी रंगवलेलं फॉइल उतरवलं. फाटताना त्याचा आवाज फार होतो. गुंडाळून अंगणात टाकलं. नवीन ताणायला सुरुवात केली. मी शिडीवर, गुरुजी खालून टोक धरून.

अर्धं झालं असेल. खालून आवाज आला.

"मेश्राम साहेब, एक इचारू? खरं सांगा."

मला प्रश्न माहीत होता. अख्ख्या रस्त्यात मी उत्तराची तयारी करत आलो होतो.

"रंग मारला नसता तर?"

"काही फरक पडला नसता," मी म्हणालो. शिडीवर असल्यामुळे त्यांच्याकडे पाहावं लागत नव्हतं. "लाइन गेली होती. पंखा नव्हता. असल्या उन्हात फॉइल काय करणार, गुरुजी? एखाद-दुसरी डिग्री. तेवढ्यानं काही होत नाही."

आयुष्यात मी कधी खोटं रीडिंग दिलं नाही. खाणीच्या ठेकेदारांनी काय काय आमिषं दाखवली, नाही दिलं. शेठशी भांडलो, स्वतः गनचं खोटं कधी चालवलं नाही. त्या दिवशी मी दिलं. आणि मला त्याची लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही.

गुरुजींनी फॉइलचं टोक दुसऱ्या हातात घेतलं. मग म्हणाले, "मी सायन्स शिकवत होतो, साहेब."

मी खाली पाहिलं.

"आठवीले थर्मासचा धडा आहे. दरसाल फळ्यावर बाटली काढाचो. आतून चांदीचा मुलामा काऊन देतात? चकाकी उष्णता बाहेर फेकत नाई म्हनून. चकाकी गेली का थर्मास गेला. पोरायकडून घोकून घेतलं मी ते. मंडलातले अर्धे लोक सांगतीन तुमाले."

"म्हणजे तुम्हाला..."

"ब्रश हातात घेतला तवाच मालूम होतं."

मी उतरलो. नवीन फॉइल अर्धं लोंबत राहिलं.

"मग पांढरा रंग ऊन फेकतो म्हणालात ते?"

"ते तिच्या आईसाठी. तुमी आले तवा ती चुलीपाशी आयकत होती, दुसरं काय सांगू?" गुरुजी खाटेच्या कडेवर बसले. "एक्सिडंट झाल्यापासून तिनं काई मागतलं नवतं, साहेब. काईच नाई. पानी सुदीक आमीच इचारत होतो, पिते का म्हनून. खालेबी आमीच. मी रोज म्हनाचो, बेटा, काई पाहिजे का? नाई आप्पा. काई आनू का? नाई आप्पा. मंग जयंतीच्या आधी मी भिंतीले रंग मारून राह्यलो होतो. तिनं आवाज देला. म्हने, आप्पा, एवढं वरचं पन रंगवून द्या ना."

त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, हातातच धरून बसले.

"मी म्हटलं, एप्रिल तर काढू. मे महिना आला का पाहून घेऊ, तुमाले फोन करू, खरवडून काढू. रंग वाळल्यावर ती वर पायत हासली. मंग माया हातानं तुमाले फोन लागलाच नाई. रोज म्हनाचो, उद्या. शेवटी तिच्या आईनं लावला." मग म्हणाले, "तिच्या आईले नका सांगू."

"नाही सांगत."

"तुमी चांगलं खोटं बोलता साहेब. पन मास्तरासमोर नाई चालत."

मला रडू आलं. साठी उलटलेला माणूस परक्याच्या घरात रडतोय हे बरं दिसत नाही, पण आलं. गुरुजी रडले नाहीत. ते उठले आणि लोंबणारं टोक त्यांनी हातात घेतलं. "चला," म्हणाले, "ऊन चढाच्या आधी होऊ द्या." आम्ही फॉइल पुरं केलं. त्याखाली कापड ताणलं, निळी किनार लावली. एका कोपऱ्यात झोळ राहिला होता. गुरुजींनी तो मला दोनदा सोडवून पुन्हा ताणायला लावला.

काम चोख झालं. भर दुपारी मी रीडिंग घेतलं, पाहिजे तेवढा उतार पडला होता. कौसाबाई परत आल्यावर त्यांनी फोन करून सांगितलं की खोली गार लागते. पण त्या मागच्या पडवीत झोपतात. गुरुजी कुठे झोपतात ते मी विचारलं नाही.

धंदा चालू आहे. उन्हाळा आला की दुकानात गर्दी होते, शेठ गन दाखवून माल विकतात, मी शिडी घेऊन जातो. फरक एवढाच पडलाय, की कोणाच्या घरी गेलो की मी आधी विचारतो, इथे झोपतं कोण? मग त्या खाटेवर उताणा पडतो आणि हात-पाय न हलवता थोडा वेळ वर पाहत राहतो. घरच्यांना वाटतं म्हातारा उन्हानं दमलाय, ते पाणी आणून देतात. मी म्हणतो, दमलो नाही, मोजमाप घेतोय.